सुरीशिवाय स्वयंपाक

हेब्बाळच्या उड्डाणपुलावर, चालत्या गाडीत, मी रविकिरणच्या कानाखाली आवाज काढला. गाडी तो चालवत होता. मागे माझी आई आणि आमची मुलगी संहिता बसल्या होत्या, आणि डावीकडून पाण्याचा टँकर आमच्या आरशाला घासायच्या बेतात चालला होता. गाडी हेलकावली, टँकरवाल्यानं हॉर्न दाबून धरला आणि कन्नडमध्ये आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. रविकिरणनं स्टिअरिंग सावरलं. गालाला हात लावला नाही, माझ्याकडे बघितलं नाही, फक्त आधी बोलला होता त्याच थंड आवाजात म्हणाला, "झालं? आता ऐकून घे." काय ऐकायचं राहिलं होतं? त्यानं आदल्या संध्याकाळी सही केली होती. 'तयारी' विकली होती. आम्ही दोघांनी उभी केलेली कंपनी, नवरा-बायकोनं, घरच्या टेबलावर, बाहेरून चिरून आणलेल्या कांद्याचे तुकडे मोजून मापून. संचालक मंडळात त्याच्या बाजूची मतं जास्त, माझी सही लागतच नव्हती. आणि हे सांगायला त्यानं आजची सकाळ निवडली, खंडेनवमीची, होसकोट्याच्या युनिटवर पूजेला जाताना, गाडीत आई बसलेली असताना. त्याला वाटलं, आईसमोर मी काही करणार नाही. आईसमोर! आईसमोर काय काय झालेलं आहे, हे त्याला काय ठाऊक.

खरं सांगते, बरं वाटलं. तळहात चुरचुरत होता, खांद्यापर्यंत ऊब चढली होती, आणि छातीत महिनोन् महिने अडकलेलं काहीतरी सुटल्यासारखा श्वास आला. हात डावा होता. लहानपणी पट्टीनं बडवून बडवून बाबांनी मला उजवी केली, लिहिते उजव्यानं, जेवते उजव्यानं, पण राग आला की डावाच उठतो. एक थप्पड मारून माझं भागलं नव्हतं. नागवाऱ्याच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी त्याचं डोकं धरून त्या स्टिअरिंगवर आपटत होते, मनातल्या मनात, एकदा, दोनदा, चष्म्याच्या काचा त्याच्या भुवईत घुसेपर्यंत. बाहेर लोक गाड्या धुऊन, झेंडूच्या माळा घालून, चाकाखाली लिंबं ठेवून उभे होते, रिक्षांना केळीचे खुंट बांधले होते. रस्त्यात फोडलेल्या कोहळ्यांचा कुंकवानं लाल झालेला गर पसरला होता आणि त्यावरून दुचाक्या घसरत होत्या. मला तो गर बघवत नव्हता आणि नजर तिथून हलतही नव्हती. "दुखत नाहीये," रविकिरण म्हणाला. "विचारलं का मी?" मी म्हणाले.

मग मागून आई म्हणाली, "पाणी हवंय का?"

कुणाला विचारलं ते तिनं सांगितलं नाही. मी आरशात बघितलं. आईनं संहिताचं डोकं स्वतःच्या मांडीवर दाबून धरलं होतं आणि तिच्या कानावर पदर ओढला होता. नववीतली घोडी, आईच्या मांडीवर मावत नव्हती, गुडघे पोटाशी घेऊन गप पडली होती. त्या पदराचा वास मला पुढच्या सीटवर बसून आला. खोबरेल, हळद, आणि चुलीवर कोरड्या भाजलेल्या मेथीचा. त्या पदराखाली मी किती वेळा पडले आहे. वरून बाबांचा आवाज, भांड्याचा आवाज, मग सपकन् आलेला एक आवाज ज्याला भांड्याचं नाव देता येत नाही. मग सगळं शांत. मग आईचा हाच प्रश्न, याच सुरात, जसं काही कुणी उन्हातून आलंय. पाणी हवंय का? आणि बाबा म्हणायचे, "दे." तांब्या तोंडाला न लावता वरून घटाघटा प्यायचे आणि हात पुसत म्हणायचे, "पुष्पे, तू मला चिडवतेस कशाला गं?" तेव्हा मला वाटायचं, खरंच, ही चिडवते कशाला? आणि आत्ता, टिन फॅक्टरी चौकाच्या गर्दीत गाडी मुंगीच्या पावलानं चालली असताना, माझ्या जिभेवर हुबेहूब तेच वाक्य येऊन बसलं होतं. तू मला चिडवतोस कशाला रे, रवी?

मी ओठ घट्ट मिटले. ते वाक्य बाहेर आलं असतं तर खेळ खलास होता. सही, कंपनी, तो करोडोंचा आकडा, सगळं गेलं चुलीत. त्या क्षणापासून मला एकाच गोष्टीची धास्ती होती, की मी बाबांची, व्यंकोजीरावांची मुलगी आहे, का व्यंकोजीरावच झाले आहे.

आमच्या घरात सुरी नाही. लग्न झाल्यापासून नाही. विळी नाही, कात्री नाही, सोलाणं नाही. रविकिरण चिकपेटातल्या कापडवाल्यांच्या घरातला, तिथे दुकानभर कात्र्या, त्याला आधी गंमत वाटायची. वर्तमानपत्रवाल्या मुलीनं एकदा विचारलं, 'तयारी'ची कल्पना सुचली कशी? मी ठरलेलं उत्तर दिलं. दोघं नोकरीवाले, वेळ नाही, भाजी चिरायचा कंटाळा, मग म्हटलं सगळं चिरून, मोजून, पाकिटात भरून, वर कृतीचं चित्रांचं कार्ड ठेवून घरी पाठवलं तर? पेटवा गॅस, वीस मिनिटांत वांगीभात. आमच्या खोक्यावरच छापलं होतं, 'सुरीशिवाय स्वयंपाक'. लोकांना ते सोयीचं वाटलं. पैसे घालणाऱ्यांनाही सोयीचं वाटलं. ते वाक्य मी का लिहिलं, ते मात्र मी कुणाला सांगितलं नाही. मी लहान होते, एके दिवशी कोबीची भाजी होती. बाबा म्हणाले, जाड चिरला आहे. आई म्हणाली, उद्या बारीक चिरते. एवढंच. बाबा ताटावरून उठले, आईला मानेला धरून विळीपाशी बसवलं, तिचा उजवा हात पात्यावर ठेवला आणि वरून आपला पंजा दाबला. "असा चिरतात. असा. असा." आई ओरडली नाही. मी दारात उभी होते, बाहेर शेजारच्या अक्का रांगोळी काढत होत्या, त्यांना ऐकू जाईल म्हणून ती ओरडली नाही. रक्त विळीपाशी उरलेल्या कोबीत गेलं. बाबा कामावर गेले. आईनं हाताला चिंधी बांधली, कोबी नळाखाली धरून धुतला, परत फोडणीला टाकला, आणि दुपारी मला वाढला. मी खाल्ला. चवीला चांगला होता हो, तेच तर सांगते आहे. अजून कोबी चिरायची पाती फिरताना बघितली की माझ्या तोंडाला पाणी सुटतं आणि पाठोपाठ ओकारी येते.

म्हणून माझा धंदा होता तो. जिथे जिथे आमचं खोकं जाईल तिथे त्या दिवशी तरी सुरी निघणार नाही, असं माझं वेडं गणित. लॉकडाऊनमध्ये ते गणित काय धावलं! सगळं बेंगळूर घरात कोंडलेलं, बाई यायची बंद, आणि कधी चहा न केलेली आयटीवाली पोरं आमचं पाकीट फोडून बिसिबेळे भात करून त्याचे फोटो टाकायची. होसकोट्याचं युनिट तेव्हाच उभं राहिलं, थंड खोल्या, कापायची यंत्रं, मसाला मोजायची टेबलं. मग ऑफिसं उघडली आणि खोकं घसरलं. पहिलं खोकं लोक अर्ध्या किमतीत घ्यायचे आणि दुसऱ्याला ओळख नाही. आपल्याकडे बाई येते, ती चिरते, ती शिजवते, वर तिसऱ्या मजल्यावरच्या भानगडी सांगते, आमचं कार्ड तिच्याशी काय टक्कर देणार? त्यातून ही दहा मिनिटांची साथ आली. चिरलेला कांदा दहा मिनिटांत दारात. मग शिजलेला भातच दहा मिनिटांत दारात. लोकांना स्वयंपाकातली मेहनत नको होती असं आम्ही समजत होतो, त्यांना स्वयंपाकच नको होता. रविकिरण हे मला वर्षभर सांगत होता, तक्ते दाखवत होता, "वसू, खोकं मेलंय, आपण मढ्याला पावडर लावतोय," म्हणत होता. बरोबर होतं त्याचं. म्हणून तर मला तो सहन होत नव्हता. विकत घेणाऱ्यांना आमची कार्डं नको होती, पाकिटं नको होती. त्यांना थंड खोल्या हव्या होत्या आणि पाती. रोज टनावारी कांदा कापून शहरभरच्या गोदामांत ओतायचा. माझ्या सुरीशिवाय स्वयंपाकातली नुसती सुरी त्यांनी उचलली होती.

जुन्या मद्रास रोडला लागल्यावर गाडी पळाली आणि आई आपणहून बोलली. "वसू, आज विचारायचं राहू दे." मी म्हणाले, "का राहू दे? दर वर्षी विचारतो."

विचारणं म्हणजे आमच्या घरची रीत. आमचा मूळपुरुष तलवार घेऊन इकडे आला, पुढे तलवार गेली आणि कारकुनी आली, पण एक खांडा देवघरात राहिला. खंडेनवमीला त्याची पूजा, आणि मग घरच्या कर्त्यानं तो उचलून एका घावात कोहळा तोडायचा. पण उचलण्याआधी घरातल्या प्रत्येकाला, अगदी मोलकरणीलासुद्धा, विचारायचं, "राग आहे का?" कुणी आहे म्हटलं तर शस्त्र उचलायचं नाही. फुलं वाहून तसंच म्यानात, वर्षभर. रागाच्या घरात उपसलेलं शस्त्र घरातलंच माणूस मागतं, असं आजोबा सांगायचे. शहाण्या माणसांनी केलेली रीत असणार ती. बाबा सोवळं नेसून, कपाळाला गंध लावून, खांड्यासमोर उभे राहायचे आणि एकेकाला विचारायचे. आईच्या दंडावर निळं असायचं, ओठ सुजलेला असायचा, हातात कुंकवाचं तबक. "राग आहे का?" "नाही." मी परकरात, पाठीवर वळ. "राग आहे का?" "नाही, बाबा." मग बाबा प्रसन्न हसायचे आणि खच्चकन् कोहळा दोन तुकडे व्हायचा. घाव कधी चुकला नाही त्यांचा. ते गेले, खांडा चुलतभावाकडे गेला, आणि मी ही रीत उचलून युनिटवर आणली. आमच्या बायकांना आवडली ती. मी कन्नडमध्ये विचारायचे, "कोप इदेया?" आणि त्या खिदळत म्हणायच्या, "इल्ला, मॅडम, इल्ला." आमच्याकडे कुणाला राग नाही, असं मी अभिमानानं लोकांना सांगायचे.

युनिटवर सगळी तयारी होती. यंत्रांना हळदकुंकू, दाराला आंब्याचे टहाळे, कडलेपुरीची, म्हणजे चुरमुऱ्यांची, पोती कोपऱ्यात, आणि केळीच्या पानावर ओळीनं मांडलेल्या सुऱ्या, पात्यांवर कुंकवाची बोटं. मधली मोठी सुरी कोहळ्याची. विकत घेणाऱ्यांकडचे दोन तरुण आले होते, पांढऱ्या बुटांतले, त्यांना पूजेनंतर लाइन चालू झालेली बघायची होती. मसाला मोजणाऱ्या बायका भिंतीला लागून उभ्या होत्या, नव्या साड्या नेसून, पण बोलत नव्हत्या. त्यांच्या म्होरक्या शिल्पाश्रीनं मला हार दिला आणि हळूच विचारलं, "मॅडम, आमची टेबलं राहणार का?" ती आमच्यात राहून मराठी शिकलेली. मी म्हणाले, "पूजा होऊ दे." यावर ती 'सरी', बरं, म्हणाली आणि जाऊन उभी राहिली. पुरोहितांना पुढचे तीन कारखाने गाठायचे होते, ते मंत्र गिळत होते आणि मधूनच "बेग, अम्मा, बेग" म्हणत घाई करत होते. रविकिरणच्या गालावर माझी बोटं आता चांगली उठली होती. सगळ्यांनी ती पाहिली होती, आणि सगळे दुसरीकडे बघत होते.

मी विचारायला लागले. हट्टानं विचारायला लागले. "कोप इदेया?" "इल्ला." पुढची. "इल्ला." कुणी खिदळलं नाही. शिल्पाश्री जमिनीकडे बघत म्हणाली, "इल्ला, मॅडम." मग रविकिरण. त्याला मी मराठीत विचारलं, "राग आहे का?" आणि विचारता विचारता कपाळावरचा केस मागे सारायला हात वर नेला. नुसता केस. रविकिरणची मान मागे गेली. डोळे मिटले गेले, खांदा गालाच्या आड आला. पाच फूट अकरा इंचाचा माझा नवरा. मग त्यानं डोळे उघडले, सगळे बघताहेत हे त्याला दिसलं, आणि तो म्हणाला, "नाही." तो 'नाही' मी ओळखला. जन्मभर ऐकलेला, स्वतः म्हटलेला. तो ऐकून माझ्यातून जे वर आलं ते रडू नव्हतं. घाबरतोस काय, मेल्या? चारचौघांत मला राक्षस ठरवतोस? याला मारलंच पाहिजे, असं वाटलं मला, इतका घाबरला म्हणून मारलंच पाहिजे.

आई शेवटची राहिली होती. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती, संहिता तिच्या मागे. मी विचारलं, कारण विचारायचं असतं म्हणून, "आई, राग आहे का?"

"आहे," आई म्हणाली.

पुरोहित थांबले. "एनायतु?" त्यांनी शिल्पाश्रीला विचारलं, काय झालं म्हणून.

"कुणावर?" मी म्हणाले.

"तुझ्यावर." आईचा आवाज मोठा होता, मी तो इतका मोठा कधी ऐकला नव्हता. "ह्यांच्यावर होता तो सांगायचा राहिला माझा. तेव्हा जीभच उचलली नाही. ते गेले, आता तो कुणाला सांगू? तुझ्यावरचा तरी पोटात घेऊन मी मरणार नाही, वसू. ही पोरगी आज गाडीत माझ्या मांडीवर मुतली. एवढी मोठी पोरगी. तुला पत्ता तरी आहे?"

संहिता किंचाळली, "आजी, गप!" आणि तेवढ्यात भिंतीजवळून कुणीतरी जोरात श्वास घेतला, सगळ्यांचे डोळे माझ्या हाताकडे गेले, आणि मीही बघितलं. मोठी सुरी माझ्या हातात होती. कधी उचलली, देवाशपथ सांगते, मला कळलं नाही. डाव्या हातात होती. पात्यावरचं ओलं कुंकू माझ्या मनगटावर ओघळत होतं. आईच्या आणि माझ्यामध्ये दोन पावलं होती. कोहळा बाजूलाच होता, पण माझा हात कोहळ्याकडे नव्हता. मला तिला गप्प करायचं होतं. एवढंच. कसं करायचं, त्याचा विचार हातानं केला होता, आणि हात अजून तयार होता. "ठेव ती," आई म्हणाली. खुर्चीतून उठली नाही, मागेही सरकली नाही. मला ठेवायची होती. बोटं सुटेनात. शिल्पाश्री पुढे आली, माझ्या मनगटाला तिनं खालून आधार दिला, आणि मुलाच्या मुठीतून काचेचा तुकडा काढावा तसं एकेक बोट उघडलं. "कोडी अक्का, इकडे द्या," ती म्हणत होती. मला ती पहिल्यांदाच अक्का म्हणाली. सुरी घेऊन तिनं ती पानावर ठेवली नाही, पदराखाली धरली. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "मलाही राग आहे, अक्का. आम्हाला सगळ्यांनाच आहे. तुम्ही विचारता, आम्ही नाही म्हणतो."

मी रविकिरणकडे वळले. तो संहितासमोर येऊन उभा राहिला होता, हात मागे पसरून. "आता खरं सांग," मी म्हणाले.

"आहे," तो म्हणाला. "आणि भीती वाटते, वसू. आजची नाही. तू फोन भिंतीवर फेकलास तेव्हापासून. सहीचं तुला घरात सांगायचं माझं धाडस झालं नाही."

पांढऱ्या बुटांतला एक तरुण घड्याळ बघत म्हणाला, "मॅडम, लाइन कधी चालू होईल?" "आज नाही," मी म्हणाले. "आज इथे राग आहे." त्याला काही कळलं नाही, आणि मला समजावत बसायचं नव्हतं. मी खाली बसले, कडलेपुरीच्या पोत्यांना टेकून, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. तिथूनच रविकिरणला म्हणाले, "संहिताला घेऊन तुझ्या अक्काकडे जा, मल्लेश्वरमला. घरी येऊ नका. मी बोलवेपर्यंत." मग मला बाबा आठवले. दर भांडणानंतर आजोळी येऊन आईला बोलावणारे, रडणारे, पाया पडणारे. "नाही," मी म्हणाले. "मी बोलावलं तरी येऊ नका."

त्यानं मान हलवली. संहितानं माझ्याकडे बघितलं नाही, ओढणी कमरेला गुंडाळून ती बापाच्या आडोशानं बाहेर गेली. मला वाटलं, आई आता उठेल, माझ्याजवळ येऊन बसेल, पाणी देईल. ती उठली. खुर्चीच्या पाठीवरची पिशवी घेतली, चपला शोधल्या, एक सापडत नव्हती ती शिल्पाश्रीनं पुढे केली.

"आई, तू कुठे निघालीस?"

"त्यांच्याबरोबर," ती म्हणाली.

दारातून मला गाडी दिसत होती, बॉनेटवर झेंडूची माळ. बाबांना तिनं कधी कायमचं सोडलं नाही, आजोळाहून दर वेळी परत गेली. लोक म्हणाले, भाऊ न्यायला आले, मी स्वतः पाया पडून सांगितलं, तरी नाही. आई मागच्या सीटवर नातीशेजारी बसली, पदर आत घेतला, आणि माझ्याकडच्या बाजूचं दार तिनं आतून लावून घेतलं.